सायखेड्याची गुडघ्याची पुडी

निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न मला सगळीकडे गाठतो. लग्नात, भिशीत, बँकेच्या रांगेत. "तुम्ही औषधांच्या कंपनीत होतात ना? मग केस गळण्यावर काहीतरी सांगा." मी रसायनशास्त्रवाली, वैद्य नव्हे, हे सांगून काही उपयोग होत नाही. समोरच्याला वाटतं, बाई गुपित दाबून ठेवतेय.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत वनस्पतींपासून औषधं बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. सकाळी नाशिकहून कंपनीच्या बसने जायचं आणि संध्याकाळी हिरडा नि स्पिरिट यांचा मिश्र वास अंगावर घेऊन परत यायचं. माझ्या मुलीला लहानपणी वाटायचं, आई लोणच्याच्या कारखान्यात जाते.

काम सांगायला सोपं होतं. लोक म्हणतात की अमुक पाला अमुक दुखण्यावर चालतो. तो खरंच चालतो का, चालत असेल तर त्यातल्या कुठल्या द्रव्यामुळे, आणि ते द्रव्य प्रत्येक गोळीत सारखंच कसं उतरवायचं, एवढं शोधायचं. आपल्या गॅलरीतल्या सदाफुलीतून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघालं, हे खरं आहे. सदाफुलीची पानं चावून कर्करोग बरा होत नाही, हेही तितकंच खरं आहे. ही दोन वाक्यं एकाच माणसाला एकाच वेळी पटवणं, ही माझी नोकरी. शहरातल्या डॉक्टरांना पहिलं पटत नसे आणि आमच्या मालकांना दुसरं.

आमच्याकडे सारखं कोणी ना कोणी पिशवी घेऊन यायचं. दिंडोरीकडचे एक बागाईतदार वाइनरीतला द्राक्षांचा चोथा ट्रॅक्टर भरून घेऊन आले आणि यातून तारुण्य काढून द्या म्हणाले. एक निवृत्त तलाठी एक मुळी घेऊन आले होते. ती मूळव्याध, मधुमेह आणि कोर्टातला दावा या तिन्हींवर चालते, असं त्यांचं म्हणणं होतं. दाव्यावर पोटातून घ्यायची की बाहेरून लावायची, असं मी विचारलं. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "खिशात ठेवायची."

अशा लोकांना चहा पाजून वाटेला लावायची सवय झाली होती. पण सायखेड्याची पुडी कुणी बाहेरच्याने आणली नव्हती. ती स्वतः मालकांनी आणली.

आमचे मालक दिलीपशेठ कांद्याच्या व्यापारातून औषधांत आलेले. माणूस दिलदार आणि तितकाच उतावळा. परंपरेवर त्यांची एवढी श्रद्धा की जाहिरातीत ते ऋषिमुनींच्या खाली येतच नसत. स्वतःला साधा ताप आला की मात्र थेट कॉलेज रोडच्या एम.डी. डॉक्टरकडे जायचे. परंपरा त्यांनी ग्राहकांसाठी राखून ठेवली होती.

त्या सकाळी ते प्रयोगशाळेत आले आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी माझ्या टेबलावर ठेवली. त्यांचे वडील, तात्या, पंचाहत्तरी ओलांडलेले. गुडघ्यांनी पार बसवून टाकलेले. सोफ्यावरून उठायचं तर दोघांनी धरावं लागे. काही महिन्यांपूर्वी एका पाहुण्याच्या सांगण्यावरून त्यांनी सायखेड्याजवळच्या एका माणसाची ही पुडी सुरू केली होती, आणि परवा ते पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून वर जाऊन आले होते. कुणाचाही हात न धरता. शेठच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं बाजूला ठेवा. याची कॅप्सूल दिवाळीच्या आत बाजारात पाहिजे."

त्यांच्या मागे मार्केटिंगचा सौरभ उभा होता. पुण्याहून आलेला, हुशार आणि कायम मोबाइलवर. त्याने नावही काढून ठेवलं होतं, खोक्यावरचं चित्रसुद्धा. गुडघा होता, गुडघ्यातून पहाटेचा सूर्य उगवत होता. आत काय आहे हे अजून कुणालाच माहीत नव्हतं, पण ते आमच्या धंद्यात शेवटीच कळतं.

पुढच्या रविवारी शेठ आणि मी सायखेड्याच्या अलीकडच्या वस्तीवर गेलो. पुडी देणारा शिवराम हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याच्या वडिलांकडे गावठी औषधाचं ज्ञान होतं, ते त्याच्याकडे आलं. अंगणात मोठी रांग होती आणि तो ती कंडक्टरच्याच सवयीने हाकत होता. पुढे सरका, मधे थांबू नका, एकाने एकच घ्या. मला वाटलं होतं, हा माणूस कृती लपवेल. त्याने काहीच लपवलं नाही. निर्गुंडी, गुळवेल, रास्ना, साळईचा डिंक, सगळं दाखवलं, हातावर ठेवलं, आणि प्रत्येकाचे नमुने बांधूनही दिले. शेठना म्हणाला, "तुम्ही कारखान्यात बनवा नायतर परदेशात धाडा. लोकांचे पाय चालू झाले म्हंजे झालं. माझ्या बापाची विद्या हाय, ती काय माझ्या एकट्याची नाय."

परत निघताना मी रांगेकडे नीट पाहिलं आणि मला काहीतरी खटकलं. माणसं वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या जातींची, पण बऱ्याच जणांचे चेहरे सारखे होते. गोल, भरलेले, गालांवर लाली. हातपाय मात्र काडीसारखे. एखाद्या मोठ्या कुटुंबातली सगळी भावंडं रांगेत उभी आहेत असं वाटावं. गाडीत मी शेठना विचारलं, तात्यांची तब्येत कशी आहे. ते खूश होऊन म्हणाले, झकास आहे, भूक वाढलीय, चेहरा कसा चंद्रासारखा झालाय.

डॉक्टरही त्याला चंद्रच म्हणतात, पण कौतुकाने नाही.

सोमवारी मी शिवरामने दिलेल्या वनस्पती कुटून, त्याच्याच प्रमाणात पुडी बनवली. मग दोन्ही पुड्यांची आमची नेहमीची परीक्षा घेतली. ही परीक्षा दिसायला पोरखेळ असते. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर असतो. तिच्या पायाशी औषधाच्या अर्काचा थेंब ठेवायचा आणि पट्टीचं टोक द्रावणात उभं करायचं. द्रावण वर चढतं आणि अर्कातली द्रव्यं आपापल्या वेगाने त्याच्या मागे जातात, कुणी लवकर दमतं, कुणी टोकापर्यंत पोचतं. झाडपाल्याचा अर्क असेल तर पट्टीवर एकात एक मिसळलेले, अस्पष्ट पट्टे दिसतात. झाडाला एकच एक वस्तू शुद्ध बनवण्याची घाई नसते. माझ्या पुडीने तसेच पट्टे दाखवले. तात्यांच्या पुडीनेही तेच दाखवले, आणि दिव्याखाली त्यांच्या मधोमध एक ठसठशीत गोल ठिपका. लग्नाच्या गर्दीत पोलिसाचा गणवेश दिसावा तसा. तो ठिपका झाडाचा नव्हता.

बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेतली. ते डेक्सामेथासोन होतं. स्टेरॉइड. डॉक्टर ते बेताने आणि लक्ष ठेवून देतात, कारण सूज आणि दुखणं ते जादूसारखं थांबवतं आणि त्याचं मोल मागाहून वसूल करतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. अजून एक गोष्ट होते आणि खरी भीती तिचीच. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असंच एक द्रव्य रोज बनवत असतात आणि त्याच्यावर शरीर चालतं. बाहेरून आयता पुरवठा सुरू झाला की त्या काम सोडतात, बदली माणूस मिळाल्यावर कायमचा माणूस जसा चहाला जातो तशा. मग बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर आत कामावर कुणीच नसतं.

मी पुन्हा सायखेड्याला गेले, या वेळी एकटीच. शिवरामला सरळ विचारलं, की या चार वनस्पतींशिवाय पुडीत काय घालता. तो गोंधळला नाही. आत जाऊन एक बरणी घेऊन आला. पांढरी, बारीक पूड. नाशिकहून एक भस्मवाला महिन्याला आणून देतो, म्हणाला. कसलं भस्म ते त्याने कधी विचारलं नव्हतं. "बापाच्या औषधानं गुण यायचा ताई, पण लय हळू. महिना-दोन महिने लोक थांबत नव्हते. ह्याची चिमूट घातली का आठ दिवसांत माणूस पळतो." त्याच्या बायकोचा चेहरा दारातून दिसत होता. तोही गोल होता.

मी त्याला म्हटलं, हे भस्म नाही, इंग्रजी औषध आहे, आणि मी डॉक्टरला घेऊन येईपर्यंत कुणाची पुडी वाढवू नका, कुणाची एकदम बंदही करू नका. त्याला ते पटलं नाही. इंग्रजी औषध गोळीत असतं, भुकटीत नसतं, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये मी सगळं मांडलं. आधी ते म्हणाले, तुमचं मशीन चुकलं असेल. मग म्हणाले, झाडातही असं द्रव्य असू शकतं. मी नाही म्हटल्यावर सौरभने अगदी सभ्यपणे विचारलं की ते किती प्रमाणात असलं तर चालतं. त्याला म्हटलं, वनस्पतीचं औषध म्हणून विकायचं असेल तर अजिबात चालत नाही. तो म्हणाला, "पण मॅडम, गुण तर त्याच्यामुळेच येतोय. तेच काढलं तर आपण विकणार काय?"

माझ्या नोकरीत मला इतका प्रामाणिक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

शेठ मात्र एकदम भडकले. सौरभवर नाही, माझ्यावरही नाही, त्या पुडीवर. माझ्या बापाला विष घातलं, म्हणत ते उठले. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि दोनदा सांगितलं, पुडी परस्पर बंद करू नका, तात्यांना आजच डॉक्टरकडे न्या, ते हळूहळू कमी करतील. शेठ हो हो म्हणत गाडीत बसले. रागावलेला माणूस हो म्हणतो तेव्हा त्याने काहीच ऐकलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी फोन केला. वहिनींनी सांगितलं की यांनी काल आल्या आल्या सगळ्या पुड्या बेसिनमध्ये ओतल्या, तात्या जरा मलूल आहेत, आज अमावास्या आहे म्हणून उद्या डॉक्टरकडे नेणार आहेत. मी म्हटलं, अमावास्या असो की काही, आत्ता न्या. त्यांनी शेठना विचारून सांगते म्हटलं.

उद्या उजाडला तेव्हा तात्या अंथरुणावरून उठत नव्हते. उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, बोलताना जीभ जड होऊ लागली. गंगापूर रोडच्या रुग्णालयात त्यांना नेलं तेव्हा रक्तदाब जवळजवळ मिळत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं, कुठली औषधं चालू होती. शेठ गाडी लावायला गेले होते; बाकी सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, काही नाही, फक्त नैसर्गिक.

शेठचा फोन आला तेव्हा मी सिन्नरला होते. त्यांना वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, फोन डॉक्टरांना द्या. डॉक्टरांना द्रव्याचं नाव सांगितलं, किती महिने आणि अंदाजे किती, तेही सांगितलं, आणि प्रयोगशाळेचा अहवाल मोबाइलवर पाठवला. पलीकडून ते फक्त "कळलं" म्हणाले आणि फोन ठेवला. मी पोचले तोवर तात्यांना सलाइनमधून त्याच जातीचं औषध चालू झालं होतं. ज्याने त्यांना तिथवर आणलं, तेच आता परत आणत होतं. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले आणि आपण कुठे आहोत हे विचारण्याआधी चहा मागितला.

बाहेर बाकावर शेठ माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "मॅडम, त्या रांगेतल्या माणसांचं काय?"

मला तो माणूस त्या क्षणी आवडला. मी हेच बोलायचं कसं, याचा विचार करत होते.

तात्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना शेठनी गळ घातली आणि ते रविवारी आमच्याबरोबर सायखेड्याला आले. शिवरामला तात्यांची हकीकत सांगितली. या वेळी त्याने वाद घातला नाही. बरणी आतून आणून डॉक्टरांपुढे ठेवली आणि ओट्यावर बसला. मग विचारलं, "माझी बायको रोज घेती. मी बंद केलं तर ती मरंल का?"

डॉक्टर म्हणाले, एकदम बंद केलंत तर धोका आहे. माझ्या पद्धतीने कमी केलंत तर नाही.

शिवराम उठला, रांगेसमोर जाऊन उभा राहिला, आणि आयुष्यभर घाटातल्या गाडीत ओरडलेल्या आवाजात त्याने सांगितलं की पुडीत इंग्रजी औषध निघालं, मला माहीत नव्हतं, पण हात माझाच होता. कुणी आपल्या मनाने बंद करायचं नाही, सगळ्यांनी या डॉक्टरांना भेटायचं. मला वाटलं होतं, लोक त्याला मारायला धावतील. कुणी धावलं नाही. लोक माझ्यावर चिडले. एक म्हातारी काठी टेकत माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आमच्या पायात जीव आला व्हता. तुला बघवलं नाय."

यावर माझ्याकडे रासायनिक उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं.

बरेच जण डॉक्टरांकडे आले, तपासून घेतलं, हळूहळू त्यातून सुटले. त्यात शिवरामची बायकोही होती. काही जण आलेच नाहीत. भस्मवाल्याची तक्रार आम्ही केली, पण त्याचा फोन त्या दिवशी बंद झाला तो झालाच. पुढे कळलं, नदीपलीकडे कुणीतरी नवीन पुडी देऊ लागलाय आणि तिच्याने आठ दिवसांत माणूस पळतो.

आमच्याकडे उरल्या त्या शिवरामच्या वडिलांच्या चार वनस्पती. त्या आम्ही सोडल्या नाहीत. त्यांचा अर्क काढला, प्रत्येक खेपेला तो सारखा येईपर्यंत डोकं फोडलं, रीतसर परवानग्या घेऊन दोन-तीन दवाखान्यांतल्या रुग्णांवर तो तपासला. शिवरामला विक्रीतला वाटा मिळावा असा करारही झाला, शेठनी तो कुणी न सांगता केला. निकाल असा आला की काही जणांना काही आठवड्यांनी काहीसा आराम पडतो. शास्त्राच्या हिशेबात ही चांगली बातमी होती. सौरभने ती ऐकून डोक्याला हात लावला. त्याने खोक्यावर "झटपट" लिहिलं, मी खोडलं. त्याने "हमखास" लिहिलं, तेही खोडलं. प्रकरण शेठकडे गेलं आणि त्यांनी माझी बाजू घेतली. शेवटी छापलं गेलं, "नियमित घेतल्यास काही रुग्णांना आराम मिळू शकतो." वितरकांनी विचारलं, ही जाहिरात आहे की कोर्टातलं प्रतिज्ञापत्र. कॅप्सूल बाजारात आली आणि तिथेच शांतपणे बसून राहिली. कारखाना आमच्या केशतेलावर चालला. त्याच्या खोक्यावर मला कुणी काही खोडू दिलं नव्हतं.

तात्यांचं स्टेरॉइड कमी होत होत बंद झालं आणि गुडघे पहिल्यासारखे दुखू लागले. आमची कॅप्सूल ते नेमाने घेत, व्यायाम करत, काठी घेऊन बागेपर्यंत जात. एकदा मी त्यांना भेटायला गेले तेव्हा वहिनी चहा करायला आत गेल्या. तात्या जरा पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, पोराच्या पोराचं लग्न ठरलंय. वरातीपुरती, फक्त तेवढ्यापुरती, ती पांढरी पूड मिळेल का? डॉक्टरला सांगायचं नाही."

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. "विचारून ठेवलं," म्हणाले.

त्या लग्नाला मी गेले. नाशिकच्या ढोलताशाची वरात, नवरदेव उघड्या जीपमध्ये, आणि त्याच्या शेजारी फेटा बांधलेले तात्या. मंगल कार्यालयाच्या फाटकापाशी पोरं नाचायला लागली तेव्हा तात्यांनी जीप थांबवायला सांगितलं. शेठनी विरोध केला, पण त्यांचं कोण ऐकतं. एका हातात काठी, दुसरा हात शेठच्या खांद्यावर, असे ते उतरले आणि ढोलासमोर जाऊन उभे राहिले. नाचले नाहीत. पाय थरथरत होते, कपाळावर घाम आला होता, ओठ आवळलेले होते. ढोल आवर्तनामागून आवर्तन वाजत राहिला आणि तो थांबेपर्यंत तात्या उभे राहिले.

सौरभ कधीचा मोबाइलवर चित्रण करत होता. धावतच माझ्याकडे आला आणि म्हणाला, मॅडम, आपल्या कॅप्सूलची याहून चांगली जाहिरात शोधून सापडायची नाही.

तात्यांनी ते ऐकलं. कुणीतरी आणलेल्या खुर्चीत टेकताना त्यांनी काठीने त्याला जवळ बोलावलं आणि धाप लागलेली असतानाही एक एक शब्द सुटा करत म्हणाले, "ते पुसून टाक. ह्यात कुणाच्या औषधाचा गुण नाही. मला दुखत होतं, आणि तरी मी उभा राहिलो."